चारीतलं वळण

आत्या, तू गेल्याला आज बेचाळीस दिवस झाले आणि मला तुझ्याशी एका भांडणाबद्दल बोलायचंय.

रडून झालंय. जलदानाच्या दिवशी पालमहून, जिंतूरहून, कुठून कुठून माणसं आली. तुझ्या फोटोला फुलं वाहिली, जो तो उठून तुझ्याबद्दल चांगलंच बोलला. कष्टाळू होती, शिस्तीची होती, लग्न केलं नाही पण भावाच्या लेकरांना आपलं मानलं. सगळं खरं. पण तू प्रश्न किती विचारायचीस हे कुणी सांगितलं नाही. तुझ्या ऑफिसातल्या इंदूमावशी तेवढ्या म्हणाल्या, "सुमन लय खोदून विचारायची. साहेब लोक तिला बघून रस्ता बदलायचे." त्यावर मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मला वाटलं, चला, तुला ओळखणारं एक तरी माणूस आज इथं हाय.

आपलं भांडण एका रेघेवरून झालं होतं. ते कुणालाच माहीत नाही. पप्पांनाही नाही.

सुरुवात गेल्या पावसाळ्यात झाली. शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी आमच्या पेंटिंगच्या सरांनी सांगितलं होतं, "तीन वर्षं आम्ही मडकं ठेवलं, तुम्ही मडकं काढलं. आता मडकं नाही. जागा तुमची, वेळ तुमचा, प्रश्नही तुमचा. दर महिन्याला येऊन मला एवढंच सांगायचं, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय." वर्गातला एक मुलगा चारठाण्याचा. त्यानं लगेच हात वर केला, मी आमच्या गावातल्या देवळांच्या खांबांवर काम करणार म्हणाला. दुसरीनं तिच्या आईच्या शिवणकामावर करते म्हणून सांगितलं. मी वहीत डोकं घालून बसले. मला मडकं फार चांगलं यायचं, आत्या. पितळी तांब्यावरचा उजेड तर वर्गात माझ्याइतका कुणालाच जमत नव्हता. पण मला काय जाणून घ्यायचंय, हे मला आजवर तुझ्याशिवाय कुणी विचारलंच नव्हतं. आणि तुझे प्रश्न मी टाळायचे.

घरी आल्यावर तुला सांगितलं. तू ज्वारीचं पीठ मळत होतीस. तू म्हणालीस, "वरची खोली घे."

गच्चीवरच्या त्या पत्र्याच्या खोलीत तुझं जुनं उतरतं टेबल होतं, ऑफिसनं मोडीत काढलेलं. एक लोखंडी पेटी, एक उंच स्टूल, एक खिडकी. आपण दोघींनी मिळून झाडून घेतली. मग तू अटी सांगितल्यास.

"सकाळी सात ते नऊ इथं बसायचं. रोज. सुचलं तरी आणि न्हाई सुचलं तरी."

"आणि नाही सुचलं तर काय करू?"

"खिडकी हाय की. बघायचं. नऊला खाली आलीस की मी विचारणार, आज काय दिसलं? काय केलंस ते न्हाई विचारणार. काय दिसलं ते सांगायचं."

पहिल्या महिन्यात मला काहीच दिसलं नाही, म्हणून मी मोबाईलवर बघून बघून एक मोठा जांभळा कॅनव्हास केला. त्यात धूर होता, काळ्या भेगा होत्या, एका कोपऱ्यात सोनेरी रंग खरवडला होता. तू वर आलीस, चष्मा लावलास आणि बराच वेळ बघत राहिलीस.

"हे काय हाय?"

"मनातल्या भावना."

"कोणत्या?"

"अशाच. सगळ्या."

"जांभळी कोणती?"

मी तुला खाली जायला सांगितलं होतं. आठवतं? तू गेलीस पण जिन्यावरून पुन्हा विचारलंस, "राग का?" तेव्हा तो रागच होता, पण कॅनव्हासवरचा नव्हता.

सरांपुढं तो कॅनव्हास ठेवला. प्रश्न काय आहे तुझा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एकटेपणा. ते म्हणाले, "हा शब्द झाला. प्रश्न कुठाय?" त्या दिवशी मी जांभळा कॅनव्हास भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि खिडकीत बसायला लागले. शेजारच्या गच्चीवरची काळी टाकी, वाळत घातलेले कपडे, डिशची छत्री, तारेवरचे पारवे. रोज नऊ वाजता तू विचारायचीस आणि मी सांगायचे. टाकीच्या सावलीची कड सकाळी धारदार असते आणि पाऊण तासानं ढिली पडते, हे मी तुला सांगितलं त्या दिवशी तू हातातली पळी खाली ठेवून वर बघायला आलीस.

दिवाळीनंतर कधीतरी टेबलावर अंथरायला जुना कागद हवा म्हणून मी ती लोखंडी पेटी उघडली. आत गुंडाळ्या होत्या. फिकट निळसर, मेणचट, धड कागद नाही की धड कापड नाही. एक उलगडली तर त्यावर काळ्या शाईनं काढलेलं एक गाव होतं. शेतांच्या हद्दी, गट नंबर, आणि त्यातून गेलेली एक दुहेरी रेघ. इतकी सारखी रेघ मी माणसाच्या हातची पाहिली नव्हती.

तू कालव्यांच्या ऑफिसात नोकरीला होतीस एवढंच मला माहीत होतं. लहानपणापासून मला वाटायचं की तू क्लार्क असशील. तू ट्रेसर होतीस, इंजिनियरांनी पेन्सिलनं काढलेले नकाशे त्या कापडावर शाईनं गिरवायचीस, आणि तुझ्या हाताखालून जिल्ह्यातल्या कितीतरी चाऱ्या, कालव्याचं पाणी शेतांकडं नेणारे छोटे पाट, गेल्या, हे मला त्या दिवशी कळलं. चार वर्षं मी तुझ्या घरात राहून चित्रकला शिकत होते आणि तुझ्या हातानं काय काम केलं ते कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी तू खूप बोललीस. कापडावर आधी खडूची पूड चोळायची, न्हाई तर शाई धरत न्हाई. रेघ ओढायला घेतली की श्वास सोडायचा न्हाई. खराब झालेली कापडं गरम पाण्यात उकळली की खळ निघून जायची आणि आत मऊ सुताचं कापड निघायचं. ऑफिसातल्या बायका त्याचे रुमाल शिवायच्या. पप्पांच्या लहानपणीचा एक सदराही त्याचाच होता म्हणे, त्यावर उन्हात बघितलं की अर्धा गट नंबर दिसायचा.

मी त्या दुहेरी रेघेवरून बोट पुढं पुढं नेत होते. एका जागी बोट थांबलं. रेघ सगळीकडं सरळ होती, तिथं तेवढी ती तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर जाऊन परत आली होती.

"आत्या, हे वळण कशाचं?"

तू चष्मा काढलास. पदरानं पुसलास. पुन्हा लावलास.

"तुला बराबर तेच दिसलं?"

मग तू सांगितलंस. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. हात हलला. का हलला ते माहीत नाही. त्याच जागी आधी एक डाग पडला होता, तो ब्लेडनं खरवडून काढला होता. पुन्हा खरवडलं असतं तर कापडाला भोक पडलं असतं. म्हणून तू दोन्ही बाजू नीट जुळवून घेतल्यास आणि तो हललेला हात वळणासारखा दिसायला लागला. तपासणाऱ्यांनी सही केली. त्याच्या प्रती निघाल्या, साइटवर गेल्या.

"मग?"

"मग काय. रिटायर होईपर्यंत नोकरी केली. हे कापड रद्दीत निघालं तवा साहेबांना विचारून घरी आणलं."

"आणि चारी? ती कशी खणली? सरळ का वाकडी?"

"मला काय माहीत? आमी टेबलावर. साइटवर दुसरी माणसं जायची."

"इतक्या वर्षांत तू कधी जाऊन बघितलं नाहीस?"

तू गुंडाळी बंद केलीस. "भ्या वाटायचं," म्हणालीस. आणि ती पेटीत ठेवताना, "बघायचं बी लय होतं."

पुढच्याच रविवारी आपण निघालो. तू धपाटे केलेस, दह्याचा डबा घेतलास. पाथरीकडच्या एसटीत खिडकीची जागा मला देऊन तू मध्ये बसलीस आणि सगळी वाट शेजारच्या बाईला तिच्या सुनेच्या गुडघेदुखीबद्दल विचारत होतीस. फाट्यावर उतरलो. तुला गट नंबर पाठ होता. शेळ्या राखणाऱ्या एका माणसाला विचारलं, त्यानं कालव्याच्या कडेनं आपल्याला नेलं. चारी कोरडी होती. दोन्ही अंगाला कापसाची शेवटची वेचणी आणि पलीकडं हरभरा. आणि चालता चालता ती चारी वळली.

मी ओरडले. "आत्या! वळण! तुझं वळण!"

मी पळत पुढं गेले, फोटो काढले, बांधावर चढून काढले, खाली उतरून काढले. एका एकवीस वर्षांच्या मुलीचा हात परभणीच्या ऑफिसात हलला आणि इथं पाणी वळलं! असं काही माझ्या हाती लागेल असं मला वाटलंच नव्हतं.

तुझा गुडघा दुखत होता म्हणून तू बांधावरच उभी होतीस. तू डावीकडं बघितलंस, उजवीकडं बघितलंस, एक डोळा मिटून अंगठा पुढं धरलास. मग म्हणालीस, "हे माझं न्हाई."

"म्हणजे?"

"हे लय मोठं हाय. माझं एवढंसं होतं."

"अगं, कागदावर एवढंसं म्हणजे जमिनीवर मोठंच होणार ना!"

"करुणा, मापं मला शिकवू नको. नुसत्या रेघेवरून कुणी एवढी जमीन खणत न्हाई. हितं काहीतरी असंल."

तू त्या शेळ्यावाल्याला विचारलंस, इथं काय होतं? तो म्हणाला, "मी हितला न्हाई बाई, सासुरवाडीला आलोय." तुला हसू आलं. मग तू म्हणालीस, चल, गावात जाऊन विचारू, कुणीतरी म्हातारं माणूस असंल. गाव समोरच दिसत होतं. मी म्हणाले, "आत्या, बस जाईल. पुन्हा येऊ की."

बस जाणार नव्हती. मागून अजून एक होती, मला माहीत होतं. मला फोटो मिळाले होते, गोष्ट मिळाली होती. गावात जाऊन कुणी वेगळंच काही सांगितलं असतं तर? हे मी तेव्हा मनात सुद्धा असं स्पष्ट म्हटलं नव्हतं. आज म्हणते.

सोमवारी वर्गात सांगितलं तर सगळे माझ्याभोवती जमले. सरांनी दोनदा ऐकलं. "हे आहे तुझं काम," ते म्हणाले. ठरलं, की ते कापड मागून उजेड देऊन टांगायचं, शेजारी चारीचे फोटो, आणि खाली तुझं नाव. तुझं नाव आजवर कुठल्या नकाशावर आलं नव्हतं, कोपऱ्यात दोन अक्षरं असायची. मला वाटलं तू खूश होशील. मी जिन्यानं पळत वर आले आणि तुला सगळं एका दमात सांगितलं.

तू म्हणालीस, "माझी चूक भिंतीवर टांगणार?"

"चूक नाही आत्या. तीच तर सुंदर आहे."

"सुंदर तुला. आणि ती खरी बी न्हाई. मी सांगितलं ना, ते वळण माझं न्हाई म्हणून."

"तू बघितलंस तरी मान्य करत नाहीस!"

"मी बघितलं. तू न्हाई बघितलंस. तू फोटो काढलेस."

यानंतर मी जे बोलले ते इथं लिहिते, कारण ते आपल्या दोघींशिवाय कुणी ऐकलं नाही आणि आता मीच उरलेय. मी म्हणाले, "तू घाबरतेस. तेव्हा घाबरलीस म्हणून सांगितलं नाहीस, आणि आत्ताही घाबरतेस म्हणून मानत नाहीस."

तू खाली गेलीस. चार दिवस ताट वेळेवर वाढलंस, दाराला कडी घातलीस, दिवा लावलास. नऊ वाजता काहीच विचारलं नाहीस. तेव्हा मला कळलं की त्या प्रश्नाची मला केवढी सवय झाली होती. सकाळभर जे दिसायचं ते तसंच पडून राहायचं.

पाचव्या दिवशी तू वर आलीस. हातात निळ्या मखमलीचा एक छोटा डबा होता. त्यात तुझं रूलिंग पेन. दोन पोलादी चोची, मधे शाईचा थेंब, बाजूला रेघेची जाडी ठरवणारा बारका स्क्रू. ते टेबलावर ठेवून तू म्हणालीस, "तुझी स्वतःची चूक कर. मग ती टांग."

चिडून म्हणालीस का मायेनं, हे मला अजून उलगडलेलं नाही. विचारायचं राहिलं.

मला वाटलं होतं सोपं असेल. पहिल्या दिवशी एकही रेघ धड आली नाही. शाई एकदम सुटायची नाही तर अजिबात उतरायची नाही. तू स्टूलवर बसून बघायचीस. "दाबू नको. ते आपसूक चालतंय, तू फक्त संगं जा." तिसऱ्या आठवड्यात मी लांब कागदाची गुंडाळी आणली आणि एका कडेला पट्टीनं एक सरळ रेघ ओढली. तिच्याखाली, पट्टी न घेता, तिच्याकडं बघत दुसरी. दुसरीकडं बघत तिसरी. कुठं हात हलला तर खोडायचं नाही, पुढच्या रेघेनं तो हललेला हातही गिरवायचा. मला बघायचं होतं की चूक पुढं पुढं विरत जाते का वाढत जाते.

आत्या, तो माझा पहिला प्रश्न होता. तो पडला तेव्हा मला कळलंही नाही की सर वर्षभर हेच मागत होते.

वाढत जाते. दहाव्या रेघेतला इवला धक्का चाळिसाव्या रेघेत टेकडीएवढा होतो. पण नेहमी नाही. काही चुका आपोआप सपाट होतात, आणि का ते मला कळत नव्हतं. एका सकाळी चहाची कपबशी घेऊन तू बराच वेळ गुंडाळी बघत होतीस. म्हणालीस, "जिथं तू चुकीकडं बघितलंस तिथं ती वाढली. जिथं तू पुढं बघितलंस तिथं मिटली." मी ते तपासलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम नजर पुढं ठेवून वीस रेघा ओढल्या. तू बरोबर होतीस. पण नजर पुढं ठेवली की दुसरीकडं, जिथं बघत नव्हते तिथं, नवीनच धक्का निघायचा. हे दाखवलं तेव्हा तू टाळी दिलीस.

ते दोन महिने मला कुणी परत दिले तर मी दुसरं काही मागणार नाही. सात ते नऊ, तू आणि मी आणि ती गुंडाळी. पण त्या कापडाचा विषय आपण काढला नाही. तुला वाटलं मी ते सोडून दिलं. मी सोडलं नव्हतं, आत्या. सरांना दिलेल्या आराखड्यात ते तसंच होतं. भिंत सुद्धा ठरली होती. मी तुला आज सांगते, उद्या सांगते करत राहिले.

मग ती मंगळवारची सकाळ. छाती जड वाटायलीय म्हणालीस. पप्पा पालमहून आले. दोन दिवस दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडून विचारलंस, "किती रेघा झाल्या?"

"दोनशे चौदा."

"आणि?"

मला विचारायचं होतं, ते कापड टांगू का. ते विचारण्याची ती जागा नव्हती. मी म्हणाले, "आणि बघू. तू घरी आलीस की बघू." तू मान हलवलीस. तुला अजून काही म्हणायचं होतं असं मला वाटलं, पण नर्स आली, आणि मग पप्पा आले, आणि संध्याकाळपर्यंत तू नव्हतीसच.

जलदान झाल्यावर पप्पांनी गच्चीच्या खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. ते कमी बोलतात. एवढंच म्हणाले, "ही तुझ्याकडंच राहू दे."

शेवटची ज्युरी जवळ आली होती. बाहेरून परीक्षक येणार होते. कामाबरोबर अर्धं पान टिपण द्यायचं होतं. मी वर जाऊन बसले आणि पहिलं वाक्य एका झटक्यात लिहिलं: माझ्या आत्याचा हात हलला आणि पाणी वळलं. तीनदा वाचलं. फार छान वाक्य होतं. चौथ्यांदा वाचताना, मी कधीही काही छान बोलले की तू जे विचारायचीस तेच मी स्वतःला विचारलं. म्हंजे?

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून लांब टेप घेऊन मी त्याच एसटीनं गेले. या वेळी चारीत उतरले. सरळ चारी जिथून गेली असती तिथं सुतळी ताणली आणि वळणाचं पोट मोजलं. बत्तीस मीटर भरलं. मग गावात गेले. जे तुला तेव्हा करायचं होतं ते.

तिसऱ्याच घरी गयाबाई भेटल्या. ऐंशीच्या घरातल्या, अंगणात तूर पाखडत होत्या. चारीचं वळण म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तिथं आमचं खळं व्हतं," त्या म्हणाल्या. "चारी बराबर खळ्यातून जायली व्हती. खुंट्या ठोकायला माणसं आली तर आमचं मामंजी खळ्यावर आडवं पडलं. उठायचं नावच न्हाई. साहेब म्हणला, बाबा उठा. उठंनात. दोपार झाली. साहेबानं सावलीत बसून भाकर खाल्ली, मामंजी तसंच उन्हात. शेवटाला साहेबानंच खुंट्या उपटल्या अन् पलीकडून ठोकल्या."

"आता खळं कुठाय?"

"खळी कुठं राह्यली बाई आता? मशिनी आल्या. कापूस हाय तिथं."

परत आल्यावर मी इंदूमावशींकडं गेले. त्यांनी तुझं कापड मांडीवर घेतलं, कोपऱ्यातलं माप वाचलं आणि मला हिशेब शिकवला. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर. तुझ्या तांदळाच्या दाण्याचं पोट दोन मिलिमीटरचं. म्हणजे जमिनीवर आठ मीटर. माझे भरले होते बत्तीस.

"चौपट," मावशी म्हणाल्या. "सुमनला हे नुसतं बघूनच कळलं असंल. तिचा डोळाच तसा होता."

कळलं होतं. बांधावर उभी राहून, दुखऱ्या गुडघ्यानं, एक डोळा मिटून तुला कळलं होतं, आणि तू मला सांगितलंही होतंस. मी तुला घाबरट म्हणाले. आत्या, तू घाबरली नव्हतीस. त्या दिवशी बांधावर तुझ्या अंगावरचं केवढं ओझं उतरलं असेल आणि मी ते परत तुझ्यावर चढवायला बघत होते, कारण मला ते भिंतीवर चांगलं दिसणार होतं. मला माफ कर.

ज्युरीत मी फक्त माझी गुंडाळी लावली. दोनशे चौदा रेघा, जशा आहेत तशा. टिपणात लिहिलं की एका चारीला वळण का आलं हे मला जाणून घ्यायचं होतं. ते माझ्या आत्याच्या चुकीनं आलं असं मी बरेच महिने धरून चालले. ते खरं नव्हतं, आणि ते तिला माझ्याआधी दिसलं होतं. तुझं पूर्ण नाव लिहिलं. परीक्षक बाईंनी विचारलं, "मूळ कापड कुठं आहे?" मी म्हणाले, "घरी आहे. ते लावायला तिनं हो म्हटलं नव्हतं." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा रेघांकडं वळल्या, नाक कागदाला लागेल इतक्या जवळ.

सर नंतर म्हणाले, "आधीची गोष्ट जास्त चांगली होती, करुणा."

"हो सर."

"मग सोडलीस कशाला?"

"ती मला हवी होती म्हणून चांगली होती."

सरांनी विचारलं, पुढं काय? मी सांगितलं की पेटीत अजून सहा कापडं आहेत, सहा गावांची. त्या चाऱ्या जमिनीवर कशा गेल्यात ते जाऊन बघायचंय, आणि कुठं काय आडवं आलं ते विचारायचंय. निकाल अजून लागायचाय. पण मी रोज सातला वर बसतेय.

एक कोडं मात्र सुटलेलं नाही. तुझा हात हलला ती जागा आणि ते खळं कापडावर जवळजवळ एकच आहे. मी गट नंबर लावून पाहिला. इंदूमावशींनीही पाहिला. त्या म्हणाल्या, योगायोग. असेल. तू असतीस तर तेवढ्यावर सोडलं नसतंस.

आणि हे मी ज्युरीत सांगितलं नाही, तुझ्यासाठी ठेवलं. त्या दिवशी मी निघताना गयाबाईंनी विचारलं होतं, तुला गं कशाला पाहिजे एवढं सगळं? मी सांगितलं, माझ्या आत्यानं या चारीचा नकाशा गिरवला होता.

"मग तिच्या कागदावर सरळ असंल."

"सरळच आहे. फक्त इथंच एवढंसं वळण आहे. हात हलला होता तिचा." मी चिमटीत तांदूळ धरल्यासारखं करून दाखवलं.

"कवा?"

"चारी खणायच्या आधी. कितीतरी आधी."

त्या माझ्या चिमटीकडं बघत राहिल्या आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अख्खं अंग हलेपर्यंत हसल्या.

"म्हंजे मामंजी आडवं पडायच्या आदीच तिला कळलं व्हतं की गं!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "लय भारी बाई दिसती तुझी आत्या. घेऊन ये की एकदा. खळ्याची जागा दाखवते तिला."

मी हो म्हणाले.